दोन पिकअप, एक टोन : एका अकूस्टिक गिटारच्या जोडणीचे प्रकरण

वसईतल्या एका चर्चच्या गायनवृंदात साथ करणारा एक तरुण गेल्या पावसाळ्यात आपली गिटार घेऊन माझ्याकडे आला. गिटार साधी, मोठ्या अंगाची, पोलादी तारांची, आणि लाकूडकामाच्या दृष्टीने चांगल्या स्थितीत होती. वर्षभरापूर्वी त्याने ती एका दुकानातून ‘इलेक्ट्रिक’ करून घेतली होती. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या सॅडलखाली दाबातून वीज निर्माण करणारी पिझोची पट्टी, अंगावरच्या गोल भोकात, म्हणजे साउंडहोलमध्ये, एकेरी गुंडाळीचा चुंबकी पिकअप (दोन्ही पिकअपच, म्हणजे तारांची कंपने विजेत बदलणारे भाग), खांद्यावर पाडलेल्या तीन छिद्रांत अनुक्रमे व्हॉल्यूम, टोन आणि तीन स्थानांचा छोटा स्विच, आणि बुडाशी पट्ट्याच्या खुंटीच्या जागी जॅक, असे ते काम होते. बॅटरी नव्हती. काम वरून पाहता स्वच्छ होते, छिद्रे नीट पाडलेली होती आणि एकही सोल्डर कोरडे नव्हते. तरीही गिटार वाजत नव्हती, म्हणजे जशी वाजायला हवी तशी वाजत नव्हती.

त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत सांगायची तर, “काका, घरी ॲम्पवर निदान गिटार आहे एवढं कळतं, चर्चमध्ये मिक्सरला लावली की पत्रा बडवल्यासारखं येतं.” अधिक विचारल्यावर आणखी चार गोष्टी निघाल्या. एकट्या पिझोवर टोनची कळ फिरवली की आवाज गोल होण्याऐवजी जवळजवळ नाहीसा होई. स्विच मधल्या स्थानावर, म्हणजे दोन्ही पिकअप एकत्र ठेवल्यावर, पिझो अजिबात ऐकू येत नसे आणि चुंबकी पिकअपही एकटा असतानापेक्षा बोथट, नाकातल्यासारखा वाजे. चुंबकी पिकअपवर दुसरी तार इतरांवर कुरघोडी करी. आणि हात तारांवर असो वा नसो, हमिंग कायम असे. जॅकच्या धातूला बोट लावले तरच ते थोडे उतरे.

या तक्रारींपैकी टोनच्या कळीची आणि स्विचच्या मधल्या स्थानाची मला महत्त्वाची वाटली, कारण त्या दोन्हींचा दोष कोणत्याही एका सुट्या भागात असणे शक्य नव्हते. भाग सगळे चालू होते, चूक आराखड्यात होती.

मोजमाप

सर्व जोडण्या सोडवून प्रत्येक भाग स्वतंत्र मोजला. चुंबकी पिकअपचा प्रतिरोध ६.२ किलोओहम आणि इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला वेटोळे करते तो विरोध) सुमारे २.५ हेन्री भरला. पिझोच्या पट्टीचा कपॅसिटन्स, म्हणजे वीजभार साठवण्याची क्षमता, तिच्या वायरसह १.१ नॅनोफॅरड भरला. व्हॉल्यूम आणि टोन हे दोन्ही पॉट, म्हणजे कळीखालचे फिरते रेझिस्टर, २५० किलोओहमचे होते आणि टोनला ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर होता. (मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या बाजारातले, लॅमिंग्टन रोडवरचे, जुने विक्रेते त्याला अजून कंडेन्सरच म्हणतात, आणि कपॅसिटर मागितला तर ‘कंडेन्सर ना?’ असे विचारून मगच डबा काढतात.) मालकाची केबल सुमारे पाच मीटरची, तिचा कपॅसिटन्स अर्धा नॅनोफॅरड.

हे आकडे पाहणाऱ्याला लगेच कळते की हा सगळा आराखडा एकेरी गुंडाळीच्या चुंबकी पिकअपसाठीचा आहे. तो वाईट नाही. १९५४ साली गिब्सनने जे-१६०ई ही अकूस्टिक बांध्याची गिटार काढली, तिच्यात फिंगरबोर्डाच्या टोकाशी असाच एक चुंबकी पिकअप आणि त्यावर एक व्हॉल्यूम व एक टोन एवढीच मांडणी होती, आणि त्या पिकअपला ती शोभतही होती. आमच्या दुकानदाराने तीच मांडणी घेतली आणि तिच्या तोंडाशी पिझोही जोडून दिला. पण चुंबकी पिकअप आणि पिझो हे विजेच्या दृष्टीने एकमेकांच्या उलट स्वभावाचे आहेत. पहिला म्हणजे तारेचे वेटोळे, त्याचा इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) खालच्या स्वरांना काही हजार ओहमच असतो आणि वर जाताना वाढतो. दुसरा म्हणजे एक छोटा कपॅसिटर, त्याचा इम्पीडन्स खालच्या स्वरांना प्रचंड असतो आणि वर जाताना घटतो. सहाव्या उघड्या तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा. तेथे या पिझोचा इम्पीडन्स १७ लाख ओहमहून अधिक भरतो. इतक्या मोठ्या इम्पीडन्सच्या स्रोतासमोर २५० किलोओहमचा पॉट ठेवणे म्हणजे बारीक झऱ्याखाली मोठे भोक पडलेली घागर ठेवण्यासारखे आहे.

हिशेब असा. पिझो एकटा निवडला, व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही पूर्ण उघडे ठेवले, तर पिझोला व्हॉल्यूमचे २५० किलोओहम, टोनचे २५० किलोओहम आणि गिटार ॲम्पचे सुमारे १ मेगओहम असे तिन्ही भार समांतर दिसतात. त्यांची गोळाबेरीज होते १११ किलोओहम. पिझो आणि केबल मिळून कपॅसिटन्स १.६ नॅनोफॅरड. प्रतिरोध, कपॅसिटन्स आणि ६.२८ यांच्या गुणाकाराने १ ला भागले की ज्या कंपनसंख्येखाली आवाज घसरू लागतो ती मिळते, आणि ती येथे जवळजवळ ९०० हर्ट्झ निघाली. पहिल्या तारेवर सतराव्या फ्रेटला वाजणारा स्वर ८८० हर्ट्झचा असतो. म्हणजे नेहमीच्या वादनात डाव्या हाताची बोटे जेथे जेथे पडतात त्या जवळजवळ प्रत्येक स्वराचा मूळ नाद कापला जात होता, आणि सहाव्या तारेचा मूळ नाद तर अकराव्या हिश्श्यावर आला होता. ऐकू येत होते ते वरचे उपस्वर.

आणि हे घरचे झाले. चर्चमधला ध्वनिव्यवस्था पाहणारा माणूस गिटारची केबल मिक्सरच्या लाइन इनपुटला लावत असे. अशा इनपुटचा इम्पीडन्स सहसा १० किलोओहमच्या घरात असतो. तो धरला तर एकूण भार ९ किलोओहमच्या जवळ येतो आणि घसरण १०,००० हर्ट्झच्याही वरून सुरू होते. गिटारचा जवळजवळ सगळा आवाज त्या रेषेखाली येतो. मग मिक्सरवरचा गेन शेवटापर्यंत चढवायचा, त्याबरोबर हमिंगही चढणार, आणि जे उरेल त्याला पत्रा म्हणायचे. तरुणाचा कान अचूक होता.

टोनच्या कळीचे कोडे याहून मजेदार आहे. चुंबकी पिकअपवर टोनचा कपॅसिटर टोनचेच काम करतो, कारण वेटोळ्याचा इम्पीडन्स वर जाताना वाढतो आणि कपॅसिटरचा घटतो, म्हणून वरचे स्वर तेवढे जमिनीत, म्हणजे जोडणीच्या शून्य दाबाच्या टोकाला, जातात. पिझो मात्र स्वतःच कपॅसिटर. कपॅसिटरला समांतर कपॅसिटर लावला की दोघांचेही इम्पीडन्स कंपनसंख्येबरोबर सारख्याच प्रमाणात बदलतात आणि उरतो तो निव्वळ वाटणीचा हिशेब : १.६ विरुद्ध ४८.६. वरच्या स्वरांची पातळी सुमारे ३० डेसिबलने पडते. म्हणजे तत्त्वतः टोनची कळ येथे व्हॉल्यूमची कळ झाली होती. पण पूर्णपणे नाही, कारण कपॅसिटन्स तीसपट झाल्यामुळे आणि कळ शून्यावर असल्याने टोनच्या पॉटचा २५० किलोओहमचा भार सुटल्यामुळे ती ९०० हर्ट्झची घसरण १६ हर्ट्झपर्यंत खाली सरकते, आणि त्यामुळे सहाव्या तारेचा मूळ नाद ३० नव्हे तर फक्त ९ डेसिबलने पडतो. मालक म्हणाला होता की कळ शून्यावर नेली की “आवाज छान होतो पण ऐकू येत नाही”. मला तेव्हा ते विनोदी वाटले होते. आकडे मांडल्यावर कळले की याहून नेमके वर्णन मलाही करता आले नसते.

खात्रीसाठी एक प्रयोग केला. टोनची कळ पूर्ण उघडी ठेवून पिझोच्या दोन टोकांना ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर मगरचिमट्यांनी लावला. पातळी १२ डेसिबलने उतरली, पण तळाचे स्वर परत आले. घसरण आता २३० हर्ट्झच्या आसपास सुरू होत होती. पिझोचा बारीकपणा पैसे न खर्चता घालवण्याची ही जुनी युक्ती आहे आणि घरच्या ॲम्पवर ती चालूनही जाते. येथे मात्र आधीच क्षीण असलेला आवाज आणखी क्षीण करून मिक्सरवर वाढवावा लागला असता, म्हणून ती सोडून दिली.

राहिले मधले स्थान. तेथे पिझोच्या डोक्यावर ६.२ किलोओहमचे वेटोळे बसत होते. ८२ हर्ट्झला पिझोचे १७ लाख ओहम आणि त्याच्या समोर हे सहा हजार. पिझोचे काय उरणार? शिवाय जाता जाता तो चुंबकी पिकअपचेही नुकसान करत होता. वेटोळे आणि केबलचा कपॅसिटन्स यांच्या जोडीने एका ठरावीक कंपनसंख्येला आवाजाचा उंचवटा तयार होतो. या पिकअपचा तो ४ किलोहर्ट्झच्या थोडा वर होता, आणि त्याची चमक त्याच उंचवट्यात होती. पिझोचे १.१ नॅनोफॅरड त्यात मिसळले की उंचवटा २.४ किलोहर्ट्झवर उतरून अधिक टोकदार होतो. नाकातला आवाज तो हाच.

नवी जोडणी

मालकाच्या दोन अटी होत्या : नवे छिद्र पाडायचे नाही आणि दोन्ही पिकअप ठेवायचे. मी चुंबकी पिकअप काढून टाकण्याच्या बाजूचा होतो आणि आजही आहे, कारण गायनवृंदात साथीला चांगला पिझो पुरतो. पण त्याला मधल्या सुरावटी चुंबकी पिकअपवर वाजवायच्या होत्या आणि वाजवणारा तो होता.

उपाय एकच होता. दोघांना एकमेकांपासून आणि केबलपासून वेगळे करायचे, म्हणजे प्रत्येकाच्या मागे स्वतंत्र बफर द्यायचा, जो आवाज न बदलता पुढचा भार मागच्या पिकअपला जाणवू देत नाही. त्यासाठी टीएल०६२ हा दुहेरी ऑप-ॲम्प, म्हणजे दोन छोटे ॲम्प्लिफायर असलेली चिप, घेतला. त्याच घराण्यातला टीएल०७२ कमी खरखरीचा आहे, पण तो बॅटरी सातपट खातो, आणि गिटारच्या पोटात बसवलेली बॅटरी बदलायची म्हणजे तारा सैल करून हात घालायचा. नऊ व्होल्टच्या बॅटरीचे दोन १०० किलोओहमच्या रेझिस्टरांनी अर्धे करून साडेचार व्होल्टचा मध्यबिंदू घेतला आणि दोन्ही अर्धे ऑप-ॲम्प जशाच तशा आवाजाचे, म्हणजे एकपट वाढीचे ठेवले.

पिझोच्या बफरच्या तोंडाशी आधी १० मेगओहमचा रेझिस्टर लावला. केबल आता बफरच्या पलीकडे गेली असल्यामुळे हिशेबात फक्त १.१ नॅनोफॅरड धरायचे, आणि घसरण १४ हर्ट्झपर्यंत खाली गेली. कागदावर हे उत्तम. प्रत्यक्षात मनगट गिटारच्या अंगावर टेकले तरी ढोलावर थाप पडल्यासारखा आवाज स्पीकरमधून येई. तो रेझिस्टर ३.३ मेगओहम केला. घसरण ४४ हर्ट्झवर आली, सहाव्या तारेचे सुमारे १ डेसिबलच गेले आणि थापा बऱ्याच शमल्या.

पिझोचा टोन बफरच्या नंतर घेतला. बफरमधून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, मग २५ किलोओहमचा पॉट आणि त्याच्या पलीकडे १० नॅनोफॅरड जमिनीला. कळ शून्यावर नेली की ३.४ किलोहर्ट्झच्या वरचा भाग उतरू लागतो, आणि पिझोची ती प्लास्टिकसारखी टकटक बरीच शांत होते. आता ती कळ खऱ्या अर्थाने टोनची झाली, कारण तिच्या मागे कपॅसिटर नसून कमी इम्पीडन्सचा बफर होता.

चुंबकी पिकअपचा टोन मात्र बफरच्या आधी, त्याच्या मूळ जागीच ठेवला. वेटोळे आणि कपॅसिटर यांची जी परस्परक्रिया कानाला ‘इलेक्ट्रिक गिटारचा टोन’ म्हणून परिचित आहे ती बफरच्या नंतर मिळत नाही. ४७ च्या जागी २२ नॅनोफॅरड घेतला, त्यामुळे कळ बंद केल्यावर उंचवटा ६८० हर्ट्झच्या आसपास बसतो आणि आवाज पूर्ण मातीत जात नाही. येथे एक गोष्ट मी विसरलो होतो. केबलचा भार गेल्यामुळे पिकअपचा नेहमीचा उंचवटा १० किलोहर्ट्झपर्यंत वर उडाला आणि तारांवर नखे घासल्याचा आवाज येऊ लागला. पिकअपला समांतर ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावून तो पुन्हा ४.२ किलोहर्ट्झवर आणला; थोडक्यात, हरवलेली केबल एका चिमुकल्या भागाच्या रूपाने परत बसवली.

दोन्ही बफरांनंतर २५ किलोओहमचे स्वतंत्र व्हॉल्यूम आणि त्यांच्यापुढे प्रत्येकी १० किलोओहम देऊन आवाज एकत्र केले. आता दोन्ही व्हॉल्यूम मिळून निवडीचे काम होत असल्यामुळे स्विचची गरज उरली नाही. त्याचे ६ मिलिमीटरचे छिद्र १ मिलिमीटरने वाढवून तेथे पिझोचा टोन बसवला आणि चुंबकी पिकअपचा टोन साउंडहोलच्या आतल्या कडेला, बोट घातले की लागेल असा चिकटवला. पहिल्यांदा दोघे एकत्र वाजवले तेव्हा तळ पोकळ लागला. चुंबकी पिकअपच्या दोन वायरी उलट करताच तो भरला. ही अदलाबदल कानानेच करावी, कारण दोन पिकअप तारेच्या वेगवेगळ्या जागी बसलेले असल्यामुळे सर्व स्वरांवर त्यांचे कधीच पूर्ण जुळत नाही.

जोडणी आधी पुठ्ठ्यावर केली. गिटारचा खांदा पुठ्ठ्यावर आखून छिद्रे पाडली, तिन्ही पॉट त्यात बसवून सगळे सोल्डर बाहेरच पूर्ण केले आणि मग तो संपूर्ण जुडगा साउंडहोलमधून आत सोडला. जॅक बुडाशी ओढून घ्यायला सायकलचा स्पोक वापरला. तो खुंटीच्या छिद्रातून आत घालून साउंडहोलपर्यंत आणायचा, जॅकच्या तोंडात अडकवायचा आणि मागे ओढायचा. सांगायला हे एक वाक्य आहे, करायला पाऊण तास गेला.

हमिंग, तारा आणि सॅडल

हमिंगची कारणे दोन होती आणि ती वेगळी न काढता उपाय केले असते तर पैसे आणि वेळ वाया गेला असता. जॅकला बोट लावल्यावर जे हमिंग उतरत होते ते विद्युतक्षेत्राचे. पिझोपासून स्विचपर्यंत दुकानदाराने साधी दुपदरी वायर नेली होती, ती काढून शील्डची, म्हणजे धातूचे वेष्टण असलेली, वायर टाकली आणि बफर सॅडलच्या जवळ ठेवला. तारांनाही जमीन द्यावी लागली. लाकडी ब्रिजवर ती आपोआप मिळत नाही, म्हणून ब्रिजखालच्या फळीवर, तारांचे गोळे जेथे टेकतात तेथे, तांब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी बसवली. ती जमिनीला थेट जोडली नाही. मध्ये २२० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर, मुख्य वीजपुरवठ्याचा दाब सोसणाऱ्या जातीचा १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर दिला. उत्सवाच्या मांडवात अर्थिंग नसलेल्या बोर्डावर ॲम्प लावलेला असतो आणि वाजवणाऱ्याचे ओठ दुसऱ्या यंत्रणेच्या माइकला लागतात, अशी वेळ आली तर तारांतून शरीरात जाणारा प्रवाह या जोडीमुळे मिलिॲम्पिअरच्या आसपास अडतो. जॅकचा धातू तरीही उघडाच असतो, तेव्हा हा अर्थिंगला पर्याय नव्हे, हे मालकाला दोनदा बजावले.

दुसरे हमिंग चुंबकी क्षेत्राचे. एकेरी गुंडाळीचा पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र थेट पकडतो, त्याला शील्ड किंवा जमीन काही करू शकत नाही. त्यावर इलाज म्हणजे दुहेरी गुंडाळीचा पिकअप घेणे किंवा अंगाची दिशा बदलून उभे राहणे. मालकाने दुसरा इलाज निवडला.

दुसऱ्या तारेची कुरघोडी लगेच निघाली. ब्राँझचे वेष्टण चुंबकी पिकअपला जवळजवळ दिसत नाही, त्याला आतला पोलादी गाभाच जाणवतो. वेष्टण नसलेली दुसरी तार मात्र पूर्ण पोलादाची आणि पहिलीपेक्षा जाड, म्हणून तीच सर्वांत मोठी वाजते. पिकअपला फिरवता येणारे स्क्रू होते, त्यांतला दुसऱ्या तारेखालचा दोन आटे खाली घेतला.

सॅडलच्या बाबतीत मात्र मी फसलो. पिझोचा तळ गेल्याचे कारण आकड्यांत इतके नीट सापडले होते की सॅडल उचलून पाहण्याची मला गरजच वाटली नाही. बफर बसवल्यावर पाच तारा सारख्या झाल्या आणि सहावी तशीच दबलेली राहिली. विजेचा दोष असता तर पाचवी आणि सहावी यांत एवढा फरक पडला नसता. सॅडल काढले तर खाचेत, सहाव्या तारेच्या बाजूला, लाकडाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा अडकलेला होता; पिझोची पट्टी त्यावर कमानीसारखी उचलली जाऊन त्याच्या शेजारी सॅडलचा दाबच पडत नव्हता. तुकडा काढला, खाचेचा तळ साफ केला, काचेवर सॅंडपेपर ठेवून सॅडलचा तळ सपाट घासला. सहावी तार बोलू लागली. हे काम पहिल्या दिवशी करायचे होते.

वसईत

सप्टेंबरमध्ये चर्चच्या त्याच मिक्सरवर, त्याच लाइन इनपुटला लावून पाहिले. गेन पूर्वीच्या निम्म्याहून खाली पुरला. बफरसमोर १० किलोओहमचा भार आता क्षुल्लक होता. घरचा ॲम्प आणि चर्चचा मिक्सर यांतला फरक फक्त स्पीकरचा उरला. चुंबकी पिकअपचे हमिंग ऑर्गनच्या बाजूला तोंड केल्यावर अजून येते, म्हणून तो वेदीकडे थोडा तिरपा उभा राहतो.

बॅटरी चालू-बंद करायला जॅकमधलाच तिसरा संपर्क वापरला आहे. केबलची पिन आत गेली की बॅटरीचे ऋण टोक जमिनीला मिळते, पिन काढली की सुटते. सगळी मंडळी मिळून अर्ध्या मिलिॲम्पिअरहून थोडा कमी प्रवाह घेते, म्हणजे चांगली अल्कलाइन बॅटरी हजार तासांच्या वर जावी. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतर घाईत केबल मिक्सरच्या बाजूने काढली गेली आणि गिटारमधली पिन तशीच राहिली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला की आवाज फाटतोय आणि दुपारपासून येतच नाही. मी दिवस मोजले, हजार-अकराशे तासांचा हिशेब जुळला, आणि त्याला तारा सैल करून बॅटरी बदलायला सांगितले.